पैशांचा पत्ता नीट लिहिलाय ना?

क्यूआर स्कॅन करून कटिंगचे पैसे देणं आपल्याला झोपेतही जमतं. पण पीजीचं डिपॉझिट थेट बँक खात्यात पाठवायची वेळ आली की खाते क्रमांक, आयएफएससी, बेनिफिशियरी असे शब्द समोर येतात आणि बोटं थबकतात. ती थबकलेलीच बरी! कारण या दोन-तीन रकान्यांत काय भरतोय, यावर आपले पैसे कुठे जाणार हे ठरतं.

इंटर्नशिपचं पहिलं स्टायपेंड, फेस्टच्या बक्षिसाची रक्कम, रद्द झालेल्या अॅडमिशनचा रिफंड. या प्रत्येक वेळी समोरून एकच मेसेज येतो, ‘बँक डिटेल्स पाठव.’ मग क्लासच्या ग्रुपवर हमखास प्रश्न पडतो, ‘अरे, आयएफएससी कुठे असतो?’ उत्तर सोपं आहे. पासबुकच्या पहिल्या पानावर, चेकवर आणि बँकेच्या अॅपमध्ये खात्याच्या माहितीत तो छापलेला असतो. पण तो कशासाठी असतो, हे माहीत असेल तर पुढच्या बऱ्याच भानगडी टळतात.

अकरा अक्षरांचं कोडं

आयएफएससी म्हणजे इंडियन फायनान्शियल सिस्टीम कोड. यात बरोबर ११ अक्षरं-अंक असतात. पहिली चार अक्षरं बँकेची. स्टेट बँकेची ‘एस, बी, आय, एन’, बँक ऑफ महाराष्ट्रची ‘एम, ए, एच, बी’. पाचव्या जागी कायम शून्य. उरलेली सहा शाखेची. मुंबईत फोर्टला असलेल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेचा कोड बघा: एस-बी-आय-एन, मग शून्य, मग ०००३००.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पाचव्या जागेवर. तिथे इंग्रजी ‘ओ’ नसतो, शून्यच असतो. बँक ऑफ बडोदासारख्या काही बँकांच्या कोडमध्ये शेवटच्या सहा जागांवरही अक्षरं येतात, त्यामुळे तिथे शून्य आणि ‘ओ’ची गल्लत आणखी सहज होते.

चेकच्या तळाशी नऊ आकडी नंबर दिसतो, तो आयएफएससी नव्हे. तो एमआयसीआर. चेकची छाननी मशिनवर व्हावी म्हणून तो असतो. त्याचे पहिले तीन आकडे शहराचे (मुंबईचे ४००, पुण्याचे ४११, अगदी पिनकोडसारखे), मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. फॉर्ममध्ये दोन्ही रकाने असतील तर कुठे काय लिहायचं, हे आता चुकू नये.

नाव बघतं कोण?

आता मुद्द्याचं. समजा, घरमालकांनी खाते क्रमांक कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला. त्यातला १ आपल्याला ७ वाटला. नाव तर आपण बरोबर टाकलंय, मग बँक अडवेलच ना?

नाही. एनईएफटी किंवा आरटीजीएसने पाठवलेले पैसे जमा होतात ते खाते क्रमांकाच्या आधारावर. नाव जुळतं का, हे बघून पैसे थांबवले जातीलच असं नाही. क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पैसे पाठवणाऱ्याची, असं रिझर्व्ह बँकेने स्पष्ट म्हटलंय. आयएफएससी चुकला पण बँक तीच असली, तर अनेकदा पैसे पोचतातही. खाते क्रमांक चुकला आणि त्या नंबरचं खाते खरंच कुणाचं तरी असलं, तर मात्र आपलं डिपॉझिट एका अनोळखी माणसाकडे गेलेलं असतं.

म्हणूनच रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ला बँकांना एक सूचना केली. यूपीआयमध्ये पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं, तशीच सोय एनईएफटी आणि आरटीजीएससाठीही १ एप्रिल २०२५पर्यंत द्या, आणि तीही फुकट. म्हणजे खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की बँकेच्या नोंदीतलं नाव स्क्रीनवर दिसतं. ते न वाचता ‘कन्फर्म’ दाबलं, तर या सोयीचा उपयोग शून्य!

तीन रस्ते

यूपीआयवर साधारणपणे दिवसाला एक लाखाची मर्यादा असते. मोठी फी किंवा डिपॉझिट असेल तर पुढचे तीन रस्ते आहेत.

एनईएफटी: २००५पासून सुरू आहे. पैसे दर अर्ध्या तासाला गठ्ठ्याने पुढे जातात, दिवसाला असे ४८ गठ्ठे. १६ डिसेंबर २०१९पासून ही सेवा चोवीस तास आहे, रविवारी आणि दिवाळीतसुद्धा. बचत खात्यातून ऑनलाइन केलेल्या एनईएफटीला शुल्क नाही.

आरटीजीएस: दोन लाख आणि त्यापुढच्या रकमेसाठी. गठ्ठा नाही, प्रत्येक व्यवहार तिथल्या तिथे. १४ डिसेंबर २०२०पासून हीही चोवीस तास.

आयएमपीएस: पैसे लगेच पोचतात, मर्यादा पाच लाखांपर्यंत. बँकेनुसार शुल्क लागू शकतं. पैसे लगेच पोचतात म्हणजे चूकही लगेच पोचते, हे विसरू नका.

बाबांचं जुनं पासबुक

घरातल्या कपाटात देना बँक, सिंडिकेट बँक किंवा कॉर्पोरेशन बँकेचं पासबुक सापडलं, तर त्यावरचा कोड तसाच उचलून फॉर्ममध्ये टाकू नका. देना आणि विजया बँक २०१९मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. सिंडिकेट २०२०मध्ये कॅनरा बँकेत गेली, तर कॉर्पोरेशन आणि आंध्रा बँक युनियन बँकेत. विलीनीकरणानंतर कोडही बदलले. सिंडिकेटचे जुने कोड १ जुलै २०२१पासून चालेनासे झाले. पासबुक जुनं असेल तर शाखेत जाऊन नवीन कोड विचारा.

आणि गूगलवर शोधणार असाल, तर जरा जपून. पहिली दिसणारी साइट बँकेचीच असेल असं नाही. कोड रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर मिळतात, बँकेच्या स्वतःच्या साइटवरही मिळतात. बँकांनी आपल्या साइट्स ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलंय आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ची मुदत दिली होती. त्यामुळे पत्त्याचं शेपूट आधी बघा. कोड शोधायला गेलात आणि साइटने कार्ड नंबर किंवा ओटीपी मागितला, की टॅब बंद!

डिटेल्स दिले तर पैसे जातील?

खाते क्रमांक आणि आयएफएससी हा पैसे येण्याचा पत्ता आहे. नुसत्या पत्त्यावर कुणी पैसे काढू शकत नाही. पिन, ओटीपी, सीव्हीव्ही ही मात्र घराची किल्ली. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही. ‘स्टायपेंड जमा करतोय, पिन टाक’ असं कुणी म्हणालं तर तो फोन ठेवा. कॅन्सल्ड चेक मागितला, तर त्यावर दोन आडव्या रेघा मारून ‘कॅन्सल्ड’ लिहा. सही करायची गरज नसते.

त्याहून मोठा सापळा वेगळाच आहे, आणि त्यात आपल्याच वयाची मुलं हेरली जातात. ‘तुझं खातं आठवडाभर वापरू दे, येणाऱ्या पैशांवर कमिशन घे.’ पॉकेटमनीला हातभार लागेल असं वाटतं. पण त्या खात्यातून फिरतो तो कुणाच्या तरी फसवणुकीचा पैसा. याला ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. ती शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ नावाची यंत्रणा तयार केली आहे. पोलिसांचा माग सगळ्यात आधी येतो तो खातेदाराच्या नावापर्यंत, म्हणजे तुमच्यापर्यंत. खातं गोठतं, चौकशी मागे लागते, आणि कमिशन देणारा ‘दादा’ तोवर नंबर बदलून मोकळा झालेला असतो.

चुकलंच तर?

खातंच अस्तित्वात नसेल तर एनईएफटीचे पैसे परत येतात. नियमानुसार गठ्ठा निघाल्यापासून दोन तासांत ते जमा तरी व्हायला हवेत किंवा परत तरी यायला हवेत. दुसऱ्याच्या खात्यात गेले असतील, तर लगेच आपल्या बँकेला कळवा आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक द्या. बँक समोरच्या बँकेशी बोलते, पण साधारणपणे त्या खातेदाराच्या संमतीशिवाय पैसे परत फिरत नाहीत. म्हणून जितक्या लवकर कळवाल, तितकं बरं. तक्रार लेखी करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

चूक नसून फसवणूक असेल तर १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. ‘घरी काय सांगू’ या विचारात संध्याकाळ घालवू नका. तेवढ्या वेळात पैसे चार खाती फिरून एटीएममधून बाहेर पडलेले असतात.

‘पाठवा’ दाबण्याआधी

• खाते क्रमांक फोटोतून नाही, टाइप करून मागा. शेवटचे चार आकडे फोनवर पडताळा.
• आयएफएससीत ११ जागा आहेत ना, पाचवी शून्य आहे ना, मोजा.
• स्क्रीनवर दिसणारं नाव वाचा. ओळखीचं नसेल तर थांबा.
• मोठी रक्कम असेल तर आधी एक रुपया पाठवा. पोचल्याचं कळलं की मग बाकीची.
• नवीन बेनिफिशियरी जोडल्यावर पहिल्या दिवशी बऱ्याच बँका रकमेवर मर्यादा घालतात. फीच्या शेवटच्या तारखेच्या रात्री हे काम काढू नका.
• पावती आणि यूटीआर क्रमांक जपून ठेवा.

आणि हो, पुढच्या वेळी ग्रुपवर ‘आयएफएससी कुठे असतो?’ असा प्रश्न आला की हे पान फॉरवर्ड करायला हरकत नाही!