सरदारकी: दर्जा उरला, सत्ता गेली

टोंक रोडवरचं दुर्गापुरा आज जयपूर शहराचाच भाग आहे. 1949 पर्यंत मात्र हा मुलूख कछवाहा राजांच्या संस्थानात होता. तिथले सरदार म्हणजे नुसती श्रीमंत घराणी नव्हेत. ताजिमी सरदार दरबारात आला की महाराज स्वतः उठून उभे राहत. या मानामागे जमीन होती: जहागिरीचा सारा ठाकूर, म्हणजे तिथला सरदार, वसूल करी, मोठ्या ठाकुरांकडे न्यायनिवाडाही असे आणि बदल्यात राजाला स्वार पुरवावे लागत. जन्माने मिळालेला दर्जा आणि राज्यकारभार असा एकाच हाती असणं, हीच खरी सरदारशाही. आपल्याकडचे सरंजामही चाकरीसाठी दिलेले, पण पेशवाईत ते वंशपरंपरागत होत गेले.

राजस्थानात 1952 च्या कायद्याने जहागिरी सरकारजमा करण्याची सोय झाली आणि दर्जा व सत्ता यांचा हा सांधा तुटला. कुणी म्हणेल, मग 1962 मध्ये महाराणी गायत्रीदेवी जयपुरातून प्रचंड मतांनी लोकसभेवर कशा गेल्या? घराण्याच्या पुण्याईचा त्यात वाटा होताच. पण त्या स्वतंत्र पक्षाच्या उमेदवार होत्या आणि त्यांना दारोदार मतं मागावी लागली. जे मागावं लागतं, ते नाकारताही येतं. म्हणून वाडे आणि किताब पाहून सरदारशाही टिकली असं समजू नये. सारा आणि न्याय कुणाच्या हाती आहे, ते पाहावं.