भाता फाटलेली पेटी

मी काही दिवस जात असलेल्या शाळेतली पेटी कपाटावर असते. भाता उंदरांनी कुरतडलाय आणि दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. परिपाठाला निघते ती ढोलकी. दोनशिक्षकी शाळा. गुरुजी प्रार्थना धरतात ती स्वतःच्या गळ्याला सोसेल अशा काळी एकमध्ये, आणि पोरांचे आवाज घसरत घसरत पुटपुटण्यावर येतात. बाईंनी तीच प्रार्थना काळी चारला उचलली की तीच पोरं खणखणीत गातात. यात पट्टीचा दोष आहे, हे गुरुजींना कुणी सांगितलेलंच नाही. आपल्याला सूर नाही, अशी त्यांची खात्री. नव्या अभ्यासक्रमातल्या संगीताचं नाव काढलं की ते कसनुसं हसतात.

याला संगीताचा विरोध समजू नये. पाढे, बाराखडी, कविता... पहिलीचा अर्धा दिवस चालीवरच तर जातो. अडतं ते त्याचा ‘विषय’ झाल्यावर. २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला मानाचं स्थान दिलं, त्यात संगीतही आलं. एनसीईआरटीने २०२४ साली तिसरीसाठी ‘बाँसुरी’ हे कलेचं पुस्तक काढलं. महाराष्ट्रात जून २०२५पासून पहिलीचा अभ्यासक्रम बदलला.

शिकवणारा माणूस मात्र तोच राहिला. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची एकदा वाचावी. कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक आहे तो सहावी ते आठवीला, तोही पट शंभरावर असेल तर. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पेटी, पोषण आहार, ऑनलाइन माहिती सगळं त्यांच्याच गळ्यात. सयाजीरावांच्या बडोद्यात १८८६ साली गायक मौलाबक्षांची गायनशाळा निघाली, तेव्हा गाणं शिकवायला गाणारा माणूस लागतो एवढं तरी गृहीत होतं!

मग नोंदवहीत काय होतं? कला विषयाला आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्णनात्मक नोंदी आल्या. ‘गीत तालासुरात म्हणतो’ हे वाक्य पानभर खाली उतरत जातं, बहुतेकांना सारखंच. ही नोंद खोटी आहे हे शिक्षकांना कळतं, आणि बोचतंही. ताल चुकणारं मूल ओळखता येतं, पण त्याचं पुढे काय करायचं ते डी.एड.ला शिकवलं नव्हतं. पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलवर चाल वाजवून दाखवतो. पोरगं कुठे बेसूर झालं, हे त्याला ऐकू येत नाही.

शिक्षक मागतात ते फार नाही. वर्षाकाठी चार दिवस हातात पेटी देऊन प्रशिक्षण, आणि केंद्रातल्या शाळांमध्ये फिरणारा एक गायनशिक्षक. पीपीटीवरच्या प्रशिक्षणाला ते कंटाळलेत, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे.

त्या शाळेतून माझ्या निघायच्या दिवशी परिपाठाला गुरुजी मागे उभे राहिले. चौथीतल्या एका मुलीने प्रार्थना धरली, तिच्या पट्टीत. पहिल्या ओळीला सगळे लागले. गुरुजी ढोलकीवर होते. सम दोनदा चुकली, पण हात थांबला नाही.