पोटाखालचा ठसा वाचा : स्वस्त डायनासोरांविषयीचे गैरसमज

जत्रेतल्या खेळण्यांच्या गाडीवर, फुटपाथवर, शाळेशेजारच्या स्टेशनरीच्या दुकानात पाकिटात दाटीवाटीनं कोंबलेले प्लास्टिकचे डायनासोर सगळ्यांनी पाहिलेत. मुलाच्या हट्टापायी घ्यायचे आणि चार दिवसांनी सोफ्याखालून झाडूनं बाहेर काढायचे, एवढीच त्यांची गोष्ट असं आपण धरून चालतो. पण हेच बोटभर प्राणी हौसेनं जमवणारी मोठी माणसं जगभर आहेत. या छंदाविषयीच्या काही पक्क्या समजुती तपासून पाहू.

गैरसमज : ही फुटकळ खेळणी, त्यांना कसला आलाय इतिहास!

वस्तुस्थिती : इतिहास चांगला सत्तर वर्षांचा आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात चित्रकार रुडॉल्फ झालिंगर यांनी डायनासोरांचं 110 फूट लांबीचं भित्तिचित्र रंगवलं. ते 1947 मध्ये पूर्ण झालं आणि 1953 मध्ये ‘लाइफ’ मासिकानं छापल्यामुळे घरोघरी पोचलं. त्यानंतर 1955 च्या सुमारास लुई मार्क्स कंपनीनं प्लास्टिकचे छोटे डायनासोर बाजारात आणले. त्यांतले बरेचसे या चित्रावरून बेतलेले होते. पुढे इतर कंपन्यांनी मार्क्सच्या नकला केल्या, नकलांच्याही नकला झाल्या. आजच्या पाकिटातल्या एखाद्या प्राण्याचं मूळ असं थेट त्या भिंतीपर्यंत जाऊन पोचतं.

गैरसमज : पाकिटात आहेत ते सगळे डायनासोरच.

वस्तुस्थिती : पाठीवर शिडासारखा पंखा असलेला डायमेट्रोडॉन जवळपास प्रत्येक पाकिटात निघतो, पण तो डायनासोर नव्हे. तो पहिल्या डायनासोरांच्या कोट्यवधी वर्षं आधीच नामशेष झाला होता आणि त्याचं नातं सस्तन प्राण्यांशी, म्हणजे आपल्याशी, अधिक जवळचं आहे. उडणारा टेरानोडॉन आणि लांब मानेचा, वल्ह्यांसारख्या पायांचा प्लेसिओसॉर हेही वेगळ्या गटांतले सरपटणारे प्राणी. शिवाय पाकिटातले सगळे एकाच काळातले नसतात. स्टेगोसॉरस सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा, तर टायरॅनोसॉरस रेक्स 6.8 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. या दोघांची झुंज फक्त दिवाणखान्याच्या फरशीवरच लागू शकते. आकाराचंही तेच. पाकिटात मावावेत म्हणून सगळे साधारण एकाच मापाचे केलेले असतात.

गैरसमज : शेपटी टेकवून ताठ उभा असलेला टी. रेक्स ही कारखान्याची चूक आहे.

वस्तुस्थिती : ती त्या काळच्या विज्ञानाची समजूत आहे. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात 1915 मध्ये टी. रेक्सचा सांगाडा असाच उभा केला होता आणि तोच नमुना चित्रकारांनी, मग खेळणी करणाऱ्यांनी उचलला. 1969 मध्ये शास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रम यांनी डायनोनिकस या चपळ डायनासोरचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यानंतर डायनासोर म्हणजे चपळ प्राणी हा विचार जोर धरू लागला. पाठ आडवी, शेपटी हवेत तोललेली, हे रूप रुळलं. त्या संग्रहालयानंही 1990 च्या दशकात आपला सांगाडा नव्यानं मांडला. टी. रेक्सच्या हाताला बोटं दोन, पण जुन्या खेळण्यांना सर्रास तीन दिसतात. त्याच्या हाताची पुरेशी हाडंच बराच काळ सापडली नव्हती. पोलादी साचा महागडा असतो, म्हणून एकदा केला की वर्षानुवर्षं वापरला जातो. त्यामुळे विज्ञान पुढे गेलं तरी खेळणं जुनंच मत सांगत राहतं. जमवणाऱ्याला रस असतो तो नेमका यात.

गैरसमज : कुठल्याच पुस्तकात न सापडणारा विचित्र प्राणी म्हणजे टाकाऊ माल.

वस्तुस्थिती : हाँगकाँगमध्ये बनलेल्या जुन्या पाकिटांत धड डायनासोर नाही, धड राक्षस नाही, असे प्राणी निघत. त्यांतल्या एकाच्या शेपटीच्या टोकाला चक्क पंख्यासारखी पाती होती. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी असं पाकीट विकत घेतलं आणि त्यातल्या प्राण्यांना खेळात जागा दिली. लोखंड गंजवून खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ त्यातूनच 1975 मध्ये अवतरला. आज असे ‘चुकीचे’ प्राणीच काही संग्राहक आवर्जून शोधतात.

गैरसमज : पोटावर ‘चायना’ असेल तर नकली, आणि जुनं दिसलं की महाग.

वस्तुस्थिती : नामांकित ब्रँडचे डायनासोरसुद्धा मोठ्या प्रमाणावर चीनमध्येच तयार होतात. ‘चायना’ हा शब्द फक्त बनवण्याचा देश सांगतो. प्राणी उलटा धरून कंपनीचं नाव, सालाचा आकडा आणि साच्याचे दोन भाग जुळल्याची रेघ बघावी. रेघ जाड, नखं आणि खवले पुसट असतील, तर ती बहुधा नकलेवरून केलेली नक्कल. मात्र जुनं रूप म्हणजे जुनी वस्तू नव्हे. मार्क्सचे साचे पुढे दुसऱ्यांच्या हाती गेले आणि त्यांतून नव्या रंगांत माल निघत राहिला. त्यामुळे गुंतवणूक म्हणून या वाटेला जाऊ नये.

गैरसमज : प्लास्टिकच ते, त्याला काय होतंय!

वस्तुस्थिती : मऊ पीव्हीसीत लवचीकपणासाठी मिसळलेलं द्रव्य हळूहळू बाहेर येतं. मग प्राणी चिकट होतो, धूळ धरतो. हेच द्रव्य कडक, पारदर्शक पॉलिस्टायरीनच्या डबीत शिरलं तर डबी विरघळून खेळण्याला चिकटते. म्हणून मऊ प्राणी अशा डबीत ठेवू नयेत. ऊन आणि उष्णता टाळावी. जुना चिकट प्राणी लहान मुलांच्या हाती देऊ नये. नवीन खेळणं मुलासाठी घेत असाल, तर बीआयएसची खूण बघा. 1 जानेवारी 2021 पासून भारतात ती बंधनकारक आहे.

गैरसमज : डायनासोर परदेशातलेच.

वस्तुस्थिती : पाकिटातले नेहमीचे टी. रेक्स, ट्रायसेराटॉप्स, स्टेगोसॉरस उत्तर अमेरिकेतून प्रसिद्धीला आले, म्हणून असं वाटतं. पण आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला लांब मानेच्या एका शाकाहारी डायनासोरचा सांगाडा सापडला. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या, म्हणजे आयएसआयच्या, शास्त्रज्ञांनी तो 1980 च्या दशकात उकरून काढला. 2003 मध्ये त्या संस्थेवरूनच त्याचं नाव ‘आयसीसॉरस’ पडलं. त्याच वर्षी गुजरातेतल्या राजासॉरसलाही नाव मिळालं.

संग्रह सुरू करायला पैसे फार लागत नाहीत, चिठ्ठ्या मात्र लागतात. प्रत्येक प्राण्याबरोबर तो कुठे, कधी, केवढ्याला घेतला आणि पोटाखाली काय लिहिलंय, हे टिपून ठेवा. ही नोंद नसेल तर संग्रह म्हणजे नुसता ढीग.