कोळशाच्या खाणी आणि सात-बाराचा उतारा

कोळशाच्या विजेच्या जोडीस आतां ऊन, वारा व पाणी यांची वीज झपाट्यानें पुढें येत आहे. आपल्या सातारा जिल्ह्यांत पाटण तालुक्यांतील वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, व कोयनेची वीज तर सर्वांच्या परिचयाचीच आहे. परंतु ज्या गांवांचें पोट कोळशावर भरतें, त्यांचें पुढें काय होणार, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाहीं. त्याच्या मुळाशीं जमीन असल्यामुळें आपण खातेदारांनीं तो अवश्य समजून घ्यावा.

महाराष्ट्रांतील कोळसा मुख्यतः चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या जिल्ह्यांत निघतो. तेथील बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या आहेत. उघड्या खाणींस शेतेंच्या शेतें लागतात. सन १९५७ च्या कोळसा-क्षेत्र संपादनाच्या कायद्यान्वयें जमीन केंद्र सरकारकडे जाते व पुढें कंपनीच्या स्वाधीन होते. मोबदला मिळतो; शिवाय कोल इंडियाच्या सन २०१२ च्या धोरणांत दोन एकरांमागें एका नोकरीची सोय आहे.

पगार चांगला असतो हें खरें. परंतु नोकरदार निवृत्त झाला कीं ती नोकरी संपते. जमीन मात्र मुलांनातवंडांस पोंचली असती. कंत्राटी मजूर, मालमोटारीचे चालक व खाणावळवाले यांच्या हातीं तर तेवढाही आधार नसतो. खाण बंद होतांच प्रथम उघड्यावर पडतात ते हेच.

ही वेळ उद्यांच येईल असें नाहीं. सन २०२४-२५ मध्यें देशांत १०० कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला. तथापि हवेंत जाणाऱ्या कर्बवायूचा निव्वळ भार सन २०७० पर्यंत शून्यावर आणण्याचें भारतानें सन २०२१ मध्यें ग्लासगो येथें जाहीर केलें आहे. शिवाय खाण कायमची नसते. वरोऱ्याची जुनी सरकारी खाण सन १९०६ मध्येंच बंद झाली.

जर्मनीनें सन २०३८ पर्यंत कोळशाची वीज थांबविण्याचा कायदा सन २०२० मध्यें केला, तेव्हां खाणींच्या मुलखासाठीं ४० अब्ज युरोपर्यंत रकमेची तरतूद केली. आपल्याकडे केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२२ मध्यें कोळसा काढून झालेल्या जमिनी सौरवीज वगैरे कामांस भाडेपट्ट्यानें देण्यास मान्यता दिली. मालकी मात्र कंपनीकडेच राहते. निदान अशा जमिनींवरील नवीं कामें, ज्या घरांनीं त्या दिल्या त्यांस प्रथम मिळावींत, ही मागणी न्याय्य होय.

कोरेगांवच्या शेतकऱ्यांनीं यांतून घ्यावयाचा बोध सरळ आहे. सन २०२३ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्यें जमिनीस हेक्टरीं वार्षिक निदान १ लाख २५ हजार रुपये भाडें व दरसाल ३ टक्के वाढ ठरविली आहे. पडीक माळ असणारांस हें विचार करण्याजोगें आहे. मात्र जमीन विकूं नये, भाड्यानें द्यावी. पट्टा रीतसर नोंदवावा. मुदत, भाड्याची वाढ, आणि मुदतीअंतीं तावदानें व पाये काढून जमीन मोकळी कोणी करावयाची, हें सर्व दस्तांत लिहून घ्यावें. पुढें सात-बाराचा उतारा काढून मालकीच्या रकान्यांत आपलें नांव कायम आहे व पट्ट्याची नोंद केवळ इतर हक्कांत झाली आहे, याची खात्री करावी. विदर्भांतील आपल्या बांधवांस अशी निवड करण्याची मोकळीक नव्हती; आपणांस ती आहे.