महागड्या लॅपटॉपचे आयुष्य नेमके किती?

माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे केंद्र असलेल्या बंगळुरू शहरात लॅपटॉप हे आता केवळ कार्यालयीन उपकरण राहिलेले नाही. नोकरीनिमित्त या शहरात आलेल्या असंख्य तरुणांचा संपूर्ण व्यवसाय याच यंत्रावर चालतो. त्यामुळे लाख रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचा, उच्च श्रेणीचा लॅपटॉप घेण्याकडे अनेकांचा कल असतो. एकदाच पैसे मोजावेत आणि पुढील सात-आठ वर्षे निर्धास्त राहावे, अशी त्यामागील अपेक्षा असते. मात्र ही अपेक्षा कितपत पूर्ण होते, हे किमतीपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून असते. झिजणारा भाग बदलता येतो की नाही, ही ती गोष्ट होय.

कागदावरील तीन मुदती

लॅपटॉपच्या आयुष्याची मोजणी आपल्याकडे निरनिराळ्या प्रकारे होते. निर्मात्याची मूळ हमी बहुतेक वेळा एक वर्षाची असते; व्यावसायिक वापरासाठीच्या काही मालिकांना ती तीन वर्षांपर्यंत मिळते. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य हिशेबासाठी तीन वर्षे धरले आहे, तर सर्व्हरसाठी ही मुदत सहा वर्षांची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ई-कचऱ्याच्या आकडेमोडीसाठी लॅपटॉपचे सरासरी आयुष्य पाच वर्षे मानले आहे.

या तिन्ही मुदतींचा यंत्राच्या प्रत्यक्ष क्षमतेशी थेट संबंध नाही. पहिली मुदत व्यापारी स्वरूपाची, दुसरी लेखाशास्त्राची आणि तिसरी कचरा व्यवस्थापनाची आहे. बंगळुरूमध्ये याचा प्रत्यय सहज येतो. कंपन्यांनी तीन-चार वर्षांनंतर काढून टाकलेले लॅपटॉप नूतनीकरण करणाऱ्या व्यावसायिकांकडे जातात. शहरातील एस. पी. रोड या इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या बाजारपेठेतील दुकानांत अशी वापरलेली यंत्रे विक्रीला असतात आणि ती विकत घेणारा विद्यार्थी पुढे अनेक वर्षे ती वापरतो. हिशेबवहीत मूल्य संपलेले यंत्र प्रत्यक्षात संपलेले असतेच असे नाही.

बिघाडाचा आलेख

यंत्रांच्या विश्वासार्हतेचा अभ्यास करणारे अभियंते बिघाडांच्या प्रमाणाचा एक आलेख काढतात. त्याचा आकार स्नानाच्या टबासारखा असल्याने त्याला ‘बाथटब कर्व्ह’ म्हटले जाते. सुरुवातीच्या काही महिन्यांत निर्मितीतील दोष उघड होतात आणि बिघाडांचे प्रमाण अधिक असते. त्यानंतर काही वर्षांचा शांत काळ येतो. शेवटी झीज सुरू होते आणि आलेख पुन्हा वर चढतो. एक वर्षाची हमी प्रामुख्याने पहिल्या टप्प्याला संरक्षण देते. तिसरा टप्पा सुरू होतो तेव्हा ग्राहक बहुधा हमीच्या बाहेर असतो.

अमेरिकेतील स्क्वेअरट्रेड या वाढीव हमी देणाऱ्या कंपनीने २००९ मध्ये तीस हजारांहून अधिक लॅपटॉपच्या नोंदींचे विश्लेषण केले होते. तीन वर्षांत सुमारे ३१ टक्के लॅपटॉप निकामी होतात, असा अंदाज त्यात मांडण्यात आला. एकूण लॅपटॉपपैकी २०.४ टक्के यंत्रातील दोषांमुळे निकामी होतात, तर उर्वरित बिघाड पडणे, पाणी सांडणे अशा अपघातांमुळे होतात, असे त्यात म्हटले होते. पहिल्या वर्षातील यांत्रिक बिघाडांचे प्रमाण स्वस्त लॅपटॉपमध्ये ४.७ टक्के, तर एक हजार डॉलरहून महाग लॅपटॉपमध्ये ४.२ टक्के आढळले. ही आकडेवारी जुनी आहे आणि त्यानंतर फिरत्या हार्ड डिस्कची जागा अधिक टिकाऊ साठवण-साधनांनी घेतली आहे. तरीही किमतीतील मोठ्या फरकाच्या तुलनेत विश्वासार्हतेतील फरक किती लहान असू शकतो, हे त्यातून दिसून येते.

आधी कोणता भाग थकतो?

लॅपटॉपमधील सर्वांत अल्पायुषी भाग म्हणजे लिथियम-आयन बॅटरी. वापर असो वा नसो, तिच्यातील रासायनिक ऱ्हास सुरूच राहतो. उष्णतेने आणि सतत शंभर टक्के भारित ठेवल्याने तो वेगाने होतो. बॅटरीचे आयुष्य ‘चक्रां’मध्ये मोजले जाते. एका दिवशी अर्धी आणि दुसऱ्या दिवशी अर्धी बॅटरी वापरली, तर एक चक्र पूर्ण होते. ॲपल कंपनी आपल्या मॅकबुकच्या बॅटऱ्यांसाठी एक हजार चक्रांची मर्यादा सांगते. कामाच्या प्रत्येक दिवशी एक चक्र आणि वर्षाला २५० कामाचे दिवस धरल्यास ही मर्यादा चार वर्षांत गाठली जाते.

दुसरा शत्रू उष्णता. पंख्यात धूळ साचते, प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळतो आणि आतील तापमान वाढते. तापमान दहा अंश सेल्सियसने वाढल्यास रासायनिक ऱ्हासाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, असे मानले जाते. यंत्र दररोज तापते आणि थंड होते. या आकुंचन-प्रसरणाचा ताण चिप आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या सूक्ष्म डाखांवर पडतो. कालांतराने त्यांना तडे जातात आणि पडदा अचानक काळा होणे, यंत्र आपोआप बंद पडणे असे प्रकार सुरू होतात.

महागड्या यंत्रांचा अनुभव

किंमत जास्त असली म्हणजे असे दोष टळतातच असे नाही, याची अनेक उदाहरणे आहेत. चिपच्या वेष्टनातील सदोष साहित्यामुळे लॅपटॉपमधील काही ग्राफिक्स चिप बंद पडत असल्याचे एनव्हिडिया कंपनीने जुलै २००८ मध्ये जाहीर केले आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. एकच चिप अनेक नामवंत कंपन्यांच्या यंत्रांत असल्याने दोषही सर्वत्र पोहोचला होता.

ॲपलने २०११ पासून विकलेल्या काही मॅकबुक प्रो संगणकांतील ग्राफिक्सच्या बिघाडासाठी फेब्रुवारी २०१५ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना सुरू केली. तोपर्यंत अनेक ग्राहकांची मूळ हमी केव्हाच संपलेली होती. याच कंपनीने २०१५ मध्ये आणलेला पातळ ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड धुळीच्या कणांनीही अडत असल्याच्या तक्रारी आल्या. त्यासाठी २०१८ मध्ये दुरुस्ती योजना जाहीर झाली, २०१९ पासून जुन्या पद्धतीचा कीबोर्ड परत आणण्यात आला आणि अमेरिकेतील ग्राहकांच्या दाव्यात २०२२ मध्ये पाच कोटी डॉलरची तडजोड झाली.

जून २०१९ मध्ये १५ इंची मॅकबुक प्रोच्या काही बॅटऱ्या अतितप्त होण्याच्या शक्यतेमुळे परत मागविण्यात आल्या. सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात प्रामुख्याने विकल्या गेलेल्या यंत्रांचा त्यात समावेश होता. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवाशांना अशी यंत्रे विमानात न नेण्याची सूचना केली होती.

बारीकपणाची किंमत

मग जास्त पैसे मोजून मिळते काय? धातूचे कवच, भक्कम बिजागऱ्या, उत्तम पडदा आणि उष्णता बाहेर टाकण्याची चांगली व्यवस्था यांमुळे आयुष्य निश्चितच वाढते. परंतु किमतीचा मोठा वाटा अनेकदा यंत्र बारीक आणि हलके करण्यावर खर्च होतो. त्यासाठी बॅटरी चिकटवली जाते. मेमरी आणि काही वेळा साठवण-चिपही मदरबोर्डवर कायमची जोडली जाते. अशा रचनेत एक लहान चिप बिघडली तरी अधिकृत सेवा केंद्रात संपूर्ण मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मिळू शकतो. तो खर्च नव्या यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा असतो. याउलट स्क्रू काढून बॅटरी, मेमरी आणि साठवण-साधन बदलता येणारा लॅपटॉप दिसायला जाड असला, तरी थोड्या खर्चात पुन्हा कामाला लागतो.

सुट्या भागांची उपलब्धता हाही कळीचा मुद्दा आहे. बंगळुरूत मुख्यालय असलेल्या विप्रोने २०१३ मध्ये स्वतःच्या नावाचे संगणक तयार करणे थांबविले. सोनीने २०१४ मध्ये व्हायो संगणकांचा व्यवसाय विकला. लॅपटॉपच्या क्षेत्रातील आद्य कंपन्यांपैकी एक असलेली तोशिबा २०२० मध्ये या व्यवसायातून पूर्णपणे बाहेर पडली. निर्माता बाजारातून गेला की चालू स्थितीतील यंत्रही सुट्या भागांअभावी निरुपयोगी ठरण्याचा धोका असतो.

हवामानाचा परिणाम

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असलेल्या बंगळुरूची समशीतोष्ण हवा इलेक्ट्रॉनिक उपकरणांना तुलनेने अनुकूल आहे. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील खारट व दमट हवेत धातूची जोडणी लवकर गंजते. मात्र बंगळुरूतही धोके आहेत. साचलेल्या सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तांबे आणि चांदीला काळवंडवितो, आणि मदरबोर्डवरील सूक्ष्म वाहिन्या तांब्याच्याच असतात. सांडपाण्याने दूषित झालेला आणि आगीच्या घटनांमुळे देशभर चर्चेत आलेला बेळ्ळंदूर तलाव तंत्रज्ञान कंपन्यांच्या पट्ट्यातच आहे. सप्टेंबर २०२२ च्या अतिवृष्टीत याच भागात घरांमध्ये पाणी शिरले होते. पाण्यामुळे झालेले नुकसान सर्वसाधारण हमीत समाविष्ट नसते.

शिक्के आणि कायदा

२०१२ च्या सरकारी आदेशाने लॅपटॉपसाठी भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी अनिवार्य करण्यात आली. हे चिन्ह विजेचा धक्का, आग यांसारख्या धोक्यांपासूनच्या सुरक्षिततेशी संबंधित आहे, टिकाऊपणाशी नाही. जाहिरातींत दिसणारा ‘मिल-एसटीडी-८१०’ हा उल्लेख अमेरिकी संरक्षण खात्याच्या चाचणी पद्धतींचा आहे. त्यांपैकी कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे निर्माताच ठरवितो. त्यामुळे केवळ नावावर न जाता चाचण्यांची यादी पाहणे आवश्यक ठरते.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक करण्यात आले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्तीसुलभता निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये अहवाल सादर केला. त्यात आरंभी स्मार्टफोन आणि टॅब्लेट यांच्यावर भर देण्यात आला आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तूबाबत ग्राहक आपल्या राहण्याच्या किंवा कामाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

खरेदीपूर्वी विचारण्याचे प्रश्न

लॅपटॉप निवडताना ग्राहकाने दुकानदाराला चार गोष्टी अवश्य विचाराव्यात. बॅटरी बदलून मिळते का आणि तिचा खर्च किती? मेमरी आणि साठवण-साधन मदरबोर्डपासून वेगळे आहे का? तीन वर्षांची हमी घेता येते का आणि तिच्यात अपघाती नुकसान समाविष्ट आहे का? या मालिकेचे सुटे भाग किती वर्षे मिळतील? खरेदीनंतर वर्षातून एकदा पंख्याची सफाई, हवेचा मार्ग मोकळा ठेवणे आणि शक्य असेल तेव्हा बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच भारित करणे, एवढ्या साध्या सवयींनीही आयुष्य वाढते. माहितीची स्वतंत्र प्रत ठेवणे तर अनिवार्यच समजावे. कारण साठवण-चिप मदरबोर्डवरच जोडलेली असल्यास मदरबोर्डबरोबर अनेक वर्षांचे कामही हातचे जाऊ शकते.