मनाजोगे घर मिळावयास किती काळ लागतो?

घर पाहावे बांधून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. बांधलेले घर विकत घ्यावयाचे झाल्यास काय, याविषयी ती काही सांगत नाही. कारण ती जन्मली त्या काळी घर एक तर वारशाने येई, नाही तर उभारावे लागे. आज बेळगाव, हैदराबाद, बडोदे येथील नोकरी संपवून गोव्यातील एखाद्या खेड्यात, इगर्जेची घंटा ऐकू येईल अशा अंतरावर, चिऱ्याचे जुने घर घेऊन राहावे अशी इच्छा बाळगणारी कुटुंबे थोडी नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती दिवस लागतील? दलाल म्हणतो, तीन महिने. वकील म्हणतो, पाहू. या दोघांत वकिलाचे उत्तर अधिक प्रामाणिक समजावे.

घर डोळ्यांनी पाहावयासच मुळी एका वर्षाचे चक्र लागते. गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे १२० इंच पाऊस कोसळतो. डिसेंबरात रंगविलेली भिंत या पावसाविषयी चकार शब्द काढीत नाही. कौलांखालचे वासे, भिंतीच्या पायथ्याशी चढणारी ओल, मातीच्या दर्जांतून झिरपणारे पाणी, हे सारे जुलैत दिसते. विहीर मात्र मे महिन्यात पाहावी. पावसाळ्यात काठोकाठ भरलेल्या विहिरीवर कोणाचाही विश्वास बसतो. वाळवीसाठी वाशाच्या टोकाशी, जेथे तो भिंतीत शिरतो तेथे, चाकूचे टोक खुपसून पाहावे. विकणाऱ्यास राग आला तर येवो.

परंतु खरा विलंब घरात नसून कागदांत असतो, आणि त्याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

गोव्यात १८७० सालापासून पोर्तुगीज नागरी संहिता लागू झाली. १९६१ च्या मुक्तीनंतरही तिचा कुटुंब व वारसा यांविषयीचा भाग कायम राहिला, आणि वारशाचे नियम पुढे गोवा विधानसभेच्या २०१२ च्या कायद्यात आले. या व्यवस्थेत विवाहापूर्वी निराळा करार केलेला नसेल, तर पती व पत्नी एकमेकांच्या मालमत्तेत निम्मे भागीदार होतात. एकाच्या संमतीवाचून दुसऱ्यास घर विकता येत नाही. शिवाय मुलांचा निम्मा वाटा राखीव असल्यामुळे बापास आपले सारे घर एकाच मुलाच्या नावे सहसा करता येत नाही. मुलगे व मुली समान वारस. आपल्या मते हा कायदा स्त्रियांच्या बाबतीत भारतातील इतर कित्येक व्यवस्थांहून उदार आहे; पण घर घेणाऱ्याचे गणित त्यामुळे लांबते, हेही खरे.

हे गणित करूनच पाहू. आजोबा व आजी वारली, मागे पाच मुले, पाचही विवाहित. सह्या हव्यात दहा. त्यांपैकी एक मुलगा वारला, त्याची विधवा आहे व चार विवाहित अपत्ये आहेत. म्हणजे त्या एका जोडप्याच्या दोन सह्यांच्या जागी नऊ आल्या, एकूण सतरा. या सतरांपैकी एखादा लिस्बनला, एखादी लंडनला, कोणी टोरांटोस, आणि कोणी मुंबईस गेला तो पुन्हा गावी दिसलाच नाही. जो भाऊ घरात राहतो, किल्ली हातात देतो, कॉफी पाजतो आणि भाव ठरवितो, तो या सतरांतील केवळ एक असतो! त्याची लबाडी असते असेही नव्हे. तीस वर्षे कौले त्यानेच परतविली, घरपट्टी त्यानेच भरली. घर आपलेच, असे त्यास मनापासून वाटते. पंचायतीच्या घरपट्टीवर नाव असणे म्हणजे मालकी नव्हे, हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते.

परदेशातील वारसांनी मुखत्यारपत्र पाठवावे लागते, व ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागला पाहिजे. वारसांत वाद नसेल तर विशेष नोटरीपुढे वारसा-निश्चितीचा दस्त होतो. येथे पुष्कळदा इगर्जेची जुनी दप्तरे उपयोगी पडतात; नागरी नोंदणी सुरू होण्यापूर्वीच्या पिढ्यांचा बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू त्यांतच लिहिलेला असतो. नावांत फरक असला, म्हणजे एका ठिकाणी पूर्ण नाव व दुसऱ्या ठिकाणी अर्धे, तर पुन्हा शपथपत्रे आली. आणि वारसांत वाद असेल, तर प्रकरण दिवाणी न्यायालयात ‘इन्व्हेंटरी’त जाते. तेथे वारसच आपसांत घरासाठी बोली लावू शकतात, आणि जे घर आपण दोन वर्षे मनात सजविले ते अखेर त्यांच्यापैकीच एखाद्या चुलत बहिणीकडे जाते. याबद्दल तक्रार करण्याचा आपणास काही अधिकार नाही.

आता मुंडकाराविषयी. भाटकाराच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारा तो मुंडकार. १९७५ च्या कायद्याने त्यास तेथून हुसकून लावता येत नाही. आपले घर व सभोवतालची जागा, साधारणपणे खेड्यात ३०० व नगरपालिकेच्या हद्दीत २०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क त्यास आहे. माडांच्या आड दिसणाऱ्या त्या लहान घराकडे दलाल हात करून ‘ते काही नाही’ असे म्हणतो. ते पुष्कळ आहे. तेथे एक कुटुंब आपल्याआधी दोन-तीन पिढ्या नांदत आहे. विसार देण्यापूर्वी त्यांच्या अंगणात जाऊन बोलावे. सीमा कोठे, विहीर कोणाची, वाट कोणाची, हे कागदापेक्षा तेथे स्पष्ट कळते. घरासोबत भातशेतही देतो, असे कोणी म्हणाल्यास मात्र थांबावे. २०२३ च्या कायद्याने शेतकरी नसलेल्यास भातशेती विकण्यावर निर्बंध आहेत.

‘एक-चौदा’चा उतारा सर्वांनाच ठाऊक असतो. त्यात कब्जेदाराचे नाव मिळते, पण तो महसुली कागद आहे. त्याच्या मागे पोर्तुगीज काळातील जमीन-नोंदणीचे वर्णन, वाटणीपत्र, जमीन कोमुनिदादीची असल्यास तिचे कागद, आणि उपनिबंधकाकडील बोजा नसल्याचा दाखला, अशी निदान तीस वर्षांची साखळी जुळली पाहिजे. ही काळजी अनाठायी नाही. मालक परदेशी आणि घरे बंद, हे हेरून बनावट कागदांनी मालमत्ता बळकावण्याचे प्रकार इतके वाढले, की २०२२ साली गोवा सरकारला त्यांच्या चौकशीसाठी पोलिसांचे विशेष तपास पथक नेमावे लागले.

तेव्हा किती काळ? वारस थोडे व एकमताचे असल्यास वर्षभर, एरवी दोन वर्षे धरून चालावे, असे आमचे मत आहे. तोवर भाड्याने त्याच गावात राहता आले तर उत्तम. शेजार, रस्ता, दवाखाना, रात्रीची वीज, यांची पारख आपोआप होते. या अवधीत विकणारा ‘दुसरे गिऱ्हाईक उभे आहे’ असे दर पंधरवड्यास सांगेल. असेलही. त्या गिऱ्हाइकासही त्याच सतरा सह्या लागणार आहेत.

विसारपावती करावयाचीच तर ती सर्व वारसांशी, निदान त्यांच्या मुखत्यारांशी करावी, रक्कम बँकेतून द्यावी, आणि ठराविक मुदतीत सह्या न जमल्यास ती परत मिळेल असे स्पष्ट लिहून घ्यावे. खरेदीखतावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदणीस सादर करावे लागते. त्यानंतर मामलेदाराकडे फेरफाराचा अर्ज, मग पंचायतीत घरपट्टीवर नाव, मग विजेचे बिल. आणि यांपैकी पहिल्यास काही महिने सहज लागतात, म्हणून नोंदणीच्याच आठवड्यात तो अर्ज देऊन पोच घ्यावी.