धूळ रिंगणातली आणि पागेतली

तुकोबांच्या पालखीचे पहिले गोल रिंगण बारामतीच्या पुढे, इंदापूर तालुक्यातील बेलवाडीत होते. अश्वाच्या टापांखालची माती वारकरी कपाळी लावतात. पण घोड्याला खरी बाधते ती पागेतली, बुरशी धरलेल्या वैरणीची धूळ. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही. सारी हवा नाकपुड्यांतूनच. बुरशीचे सूक्ष्म कण फुफ्फुसात खोल गेले की श्वासनलिका सुजतात, आवळतात, चिकट स्राव साचतो. आधी चंदी खाताना नुसता ठसका. पुढे उभ्या जागीही नाकपुड्या फुललेल्या, उच्छ्वासाला पोटाचा जोर. हा घोड्यांचा दमा; जुना झाला की पुरता जात नाही. औषधाआधी वैरण भिजवून जमिनीलगत घाला, आणि झाडलोट घोडा बाहेर बांधूनच करा.